काडेपेटीतल्या गुलाबी गोळ्या

करुणाचे बाबा,

मी रुखमाबाईसंग कापूस वेचाले चालली. पोळ्या दुरडीत आहेत, वरण तेवढं गरम करून घ्या. तुमाले उठवलं नाही. तुमचं जिनिंगमधलं काम बंद पडल्यापासून तुमचा डोळा पहाटेच तर लागते.

वावरात माझं मन कसं लागते, ते तुमी कधी विचारलं नाही. ओटी भरली का मी ढिगावर रिती करते अन् एक गोड गुलाबी गोळी तोंडात टाकते. ती विरघळेपर्यंत वर पाहत बसते. ढग असे हळू जातात, जसं वरही कोणी कापूस वेचून राह्यलं. तेवढ्यात मी घरी शिवाले घेतलेल्या गोधडीवरचा मोर मनातल्या मनात टाचून घेते. काल त्याची मान झाली. बाया हासतात. हासू दे.

तुमचा अर्धा राह्यलेला रेडिओ फळीवरून खाली काढला. त्याचे स्क्रू तुमी ज्या सहा काडेपेट्यांत लावून ठेवलते, ते हलवले नाहीत. फक्त एकेका पेटीत एक गोळी टाकली. त्या पेटीतले स्क्रू बसले का मगच खायची. लेकरासारखं काहून, म्हणाल. मले तर त्याच्यानंच दिवस सरते. मुंग्या लागाच्या आत उठा.

सहाव्या पेटीत गोळी नाही. ती माझ्या पदराले बांधली आहे, संध्याकाळी आली का देईन. रेडिओ नाही बोलला तरी चालन. तुमी बोला.

साधना