प्लमच्या सहा बाटल्या

२ मे, सायंकाळी ६
वहिनी दुकानात येऊन गेल्या. दादाचं गॅरेज रिकामं करताहेत. त्याने गेल्या उन्हाळ्यात घरी केलेल्या प्लमच्या बियरच्या सहा बाटल्या तिथे निघाल्या. तारेच्या बुचाच्या, त्याच्या आवडत्या. त्या माझ्याकडे दिल्या. म्हणाल्या, आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कोणीतरी उघडेल, तुमच्याकडे कोण येतंय. खरं आहे.

पुतणी २१ जूनला येणार. त्या दिवशी दादाचा वाढदिवस. जानेवारीत तो गेला तेव्हा बर्फामुळे विमानं बंद होती, तिला वडील शेवटचे बघायला मिळाले नाहीत. काल फोनवर तिने मला एकच गोष्ट मागितली. "काका, बाबांची बियर कुणाला उघडू देऊ नकोस. आपण तिघं मिळून पिऊ."

मी हो म्हटलं. चष्म्याच्या काचा घासायला लागून मला बावीस वर्षं झाली. एकाही गिऱ्हाइकाची तारीख चुकवलेली नाही. सहा बाटल्या सात आठवडे सांभाळणं काही अवघड नाही.

जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या. अंधार आहे, गारवा आहे.

५ मे
दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या, थोडे दिवस सुट्टी घ्या. कशासाठी? चार महिने होऊन गेले. मी व्यवस्थित आहे. आज एका बाईंना डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवून दिली, पण ते कोणाकडूनही होतं.

९ मे
एक विचार मनात आला. बियर खराब झाली असली तर? पोरगी एवढ्या लांबून येणार आणि ग्लासात व्हिनेगर निघणार. जबाबदार माणसाने आधी तपासून ठेवायला हवं. एक उघडली. ठीक आहे.

तळाशी नेहमीचा गाळ होता. तो सिंकमध्ये ओतला. बाटली सोडा टाकून गरम पाण्याने तीनदा धुतली आणि दिव्याखाली धरून पाहिली. एक डाग नाही.

पाच उरल्या. तिघांना पाच म्हणजे पुष्कळ.

१४ मे
एका बाटलीवरून निष्कर्ष काढणं बरोबर नाही. दुसरीही तपासली. ठीक. धुऊन ठेवली.

गेल्या उन्हाळ्यात दादाने मला ग्लास दिला तेव्हा मी सगळ्यांसमोर कॉफीच्या फिल्टरमधून गाळून घेतली होती. तो म्हणाला, "काचवाले, ह्यातून वाचायचं नाहीये, प्यायचंय." सगळे हसले. तोही हसला. तो हसला होता, हे मी नीट पाहिलं आहे.

१७ मे
ठराव. बियर प्यावीशी वाटली तर विकतची आणायची. कपाट बंद.

बियरच्या दुकानातल्या बाईंना विचारलं, उन्हाळ्यात फळांची कोणती चांगली. त्यांनी चार दिल्या. नोंद करून ठेवतो, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

रास्पबेरी: रंग सुंदर. पहिला घोट खोकल्याच्या औषधाचा, दुसरा सरबताचा, तिसऱ्याला सवय होते. दहापैकी चार.
लिंबाची: हलकी, फेस भरपूर. गवत कापून आल्यावर उत्तम. मला गवत नाही. सहा.
पीच: वास फळाचा, चव साबणाची. तीन.
चेरी: आंबट, मागून बदामासारखी कडवट. घाई करून पिण्याची नव्हे. सात. उन्हाळ्यासाठी हीच माझी आवडती असं म्हणायला हरकत नाही.

प्लमची होती. घेतली नाही.

२३ मे
ठराव तसाच आहे. फक्त आज रविवार होता आणि रविवारी संध्याकाळी दादाचा फोन येत असे. दोन बाटल्या तपासल्या. ठीक. दोन्ही धुतल्या.

दोन उरल्या. वहिनी अर्धा ग्लास घेतात, पुतणीही फार पीत नसेल. मला नसली तरी चालेल.

२९ मे
एक उरली.

घाबरण्यासारखं काही नाही. मी नवीन बियर करणार. दादाची भांडी वहिनींनी देऊन टाकायला काढलीच आहेत, ती आणतो. काचेत मिलीमीटरचा शंभरावा भाग मोजणाऱ्या माणसाला बादलीत प्लम भिजवणं काय जड आहे?

१ जून
दादा ज्याच्याकडून बियरचं सामान घ्यायचा त्या माल्टवाल्याकडे गेलो. त्याला दादा गेल्याचं माहीत नव्हतं. तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, आठवडा बादलीत, पुढे दहा-बारा दिवस बाटलीत. लगेच केलीत तर एकवीस तारखेला कशीबशी होईल.

मी यीस्ट मागितलं. तो म्हणाला, विकतचं घालून दादाची बियर होणार नाही. "नऊ वर्षांत त्यांनी माझ्याकडून यीस्ट घेतलेलं नाही. एकदा नेलं, ते नेलं. पुढे दरवर्षी जुन्या बाटलीच्या तळाचं नवीन बादलीत. तो गाळ जिवंत असतो. तुमच्याकडे बाटल्या आहेत ना?"

मी आहेत म्हटलं. स्वच्छ आहेत, हे सांगितलं नाही.

तो म्हणाला, एका बाटलीचा तळ पुरे, वरची बियर हळूच ओतून घ्या आणि बोटभर राहू द्या. एक आहे. म्हणजे सगळं जमण्यासारखं आहे. एक बाटली जाईल आणि वीस होतील. उलट बरंच झालं म्हणायचं.

२ जून
पाच किलो प्लम. बादली सोड्याने चारदा धुतली. उद्या सुट्टी टाकली असती, पण वहिनी दुकानात येणार आहेत. उद्या संध्याकाळी करतो.

३ जून, सायंकाळी ८
वहिनी दादाचे तीन चष्मे घेऊन आल्या. फ्रेम कोणाच्या तरी कामाला येतील, म्हणाल्या, काचा तेवढ्या काढून द्या भाऊजी. तिन्ही चष्म्यांच्या काचा मीच घासलेल्या. काढल्या. चार मिनिटांचं काम. वहिनी काउंटरला टेकून उभ्या होत्या, माझ्या हातांकडे बघत. काचांचं काय करू, विचारलं. त्यांनी नकोत म्हणून मान हलवली. मी त्या खिशात टाकल्या.

घरी आलो. आज फार उकडत होतं. एवढ्या उकाड्यात बाटली फुटते असं ऐकलं आहे. उघडली. बोटभर ठेवायची हे पूर्ण लक्षात होतं. दादा म्हणायचा, तळ हलवून पी, खरी गंमत खाली असते. हलवली. शेवटपर्यंत प्यायलो. ठीक होती.

बाटली धुतली नाही. धुण्यासारखं तिच्यात काही उरलं नव्हतं.

४ जून
बाटली माल्टवाल्याकडे नेली. त्याने खिडकीशी धरून पाहिली, उलटी केली, तळहातावर ठोकली. एक थेंब आला. त्याने पाकिटातलं यीस्ट दिलं. पाकिटातलं यीस्टही चांगलंच असतं, त्यावर कंपनीचा शिक्का आहे.

बादली भरली.

१० जून
बादली गप्प आहे. दादाची गुडगुड करायची. माल्टवाल्याला फोन केला. त्याने विचारलं, सोडा किती वेळा धुऊन काढलात? मी म्हटलं, धुऊन काढला नाही, स्वच्छता टिकावी म्हणून तसाच ठेवला. तो म्हणाला, "साहेब, भांडं निर्जंतुक करायचं असतं. आत कोणी जगूच नये असं नाही."

ओतून दिली. प्लम तेवढे चांगले होते.

१८ जून
विकतची प्लमची आणली. रंग अगदी तसाच. दादाच्या बाटलीत भरून तारेचं बूच लावलं. फसवणूक म्हणता येणार नाही. माणसं त्या दिवशी एकत्र बसावीत, हा मुख्य उद्देश आहे. बाटलीत काय आहे, हे दुय्यम.

पुतणीने विचारलंच तर द्यायची उत्तरं तयार आहेत. तीन आहेत.

२१ जून
बाटली घेऊन वहिनींकडे गेलो. पुतणी आलेली होती. बारीक झाली आहे. दारातच माझ्या गळ्यात पडली आणि विचारलं, ठेवलीस ना? मी बाटली दाखवली. तिने दोन्ही हातांनी घेतली, बूच न्याहाळलं, म्हणाली, ही तार बाबांनीच वाकवलीय.

वहिनींनी तीन ग्लास मांडले. बूच उघडताना फस्स आवाज झाला. मला हायसं वाटलं.

पुतणीने ग्लास खिडकीकडे धरला. पुष्कळ वेळ धरला. ओठाला लावला नाही. म्हणाली, ही बाबांची नाही, ह्यातून पलीकडचं झाड दिसतंय. वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, जुनी झाली की गाळ खाली बसत असेल. माझं पहिलं उत्तर तेच होतं. तेवढ्यावर सुटता आलं असतं.

"मी प्यायलो," मी म्हटलं.

"किती?"

"सगळ्या."

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. तिने विचारलं, "कशी होती?"

"ठीक होती."

"ठीक म्हणजे? आंबट होती? फळ लागत होतं? काका, तेवढं तरी सांग."

मी आठवायला लागलो. रास्पबेरीचा तिसरा घोट आठवला. चेरीचा कडवटपणा आठवला. दादाच्या सहा बाटल्या मी रिकाम्या केल्या, त्यांतल्या एकीचीही चव जिभेवर येईना. प्रत्येक वेळी कपाटाशी, जिन्याखाली, जमिनीवर बसलो होतो, एवढंच आठवत होतं. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"थंड होती," मी म्हटलं.

पुतणीने मान हलवली. ग्लास तसाच ठेवून ती ताटं घ्यायला आत गेली. जेवण चांगलं झालं. वाढलेलं बरंचसं ताटात राहिलं, पण उकाडाही होता.

२२ जून, सकाळी ११
पुतणी आज गेली. तिकीट पुढच्या रविवारचं होतं. वहिनींचा फोन आला, ऑफिसचं काही निघालं म्हणाल्या. निघालं असेल. जूनमध्ये कामं वाढतात.

जाण्यापूर्वी मला फोन करायचा राहिला असणार. विमानतळावर रेंज मिळत नाही, हे मला माहीत आहे.