काचेतला ट्रॅक्टर

३ फेब्रुवारी

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. काकांना वेगळा नमस्कार, नाहीतर त्यांना वाटेल तुझ्यातलाच अर्धा दिला.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला तर सगळं सांगायचंय, म्हणून पत्र. मला नोकरी लागली! नव्याने उघडलेल्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये, विक्रीची. दारापाशी माझं टेबल, मागे भली मोठी काच आणि काचेत एक लाल ट्रॅक्टर, रोज पुसून लख्ख केलेला. पहिल्याच दिवशी एका गृहस्थांनी मला विचारलं की माहिती देणारे साहेब कुठे आहेत. मी सरळ आवारातल्या ट्रॅक्टरवर चढले आणि एक फेरी मारून आले. तुझ्याच शेतात शिकलेय, विसरले नाहीये.

आई सांगत होती की तुमच्या जुन्या ट्रॅक्टरने आता हात टेकले. मग आमचाच घ्या ना! त्याच ताकदीच्या दुसऱ्या कोणत्याही ट्रॅक्टरपेक्षा खूप स्वस्त आहे. माहितीपत्रक सोबत पाठवतेय. काकांना आधी दाखव, ते लगेच हो म्हणतील.

काकांची बाजू घेणारी तुझी,
चिमणी

१५ फेब्रुवारी

चि. चिमणीस,

अ. उ. आ. नोकरीचं वाचून ऊर भरून आला. फेरी मारलीस ते फार बरं केलंस.

तुझ्या काकांनी माहितीपत्रक कपाटाच्या दाराला चिकटवलंय. येईल त्याला उभं करून वाचून दाखवतात. शेजारच्या मास्तरीणबाईंनाही दाखवलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या स्वतःच शेती बघतात, हे तुला ठाऊक आहेच. त्यांना ट्रॅक्टर घ्यायचाच होता. आमची चिमणी तिथे आहे म्हटल्यावर त्या तुझ्याकडेच यायचं म्हणताहेत. मीही तुझं तोंडभर कौतुक केलं.

आमचं म्हणशील तर मला आणखी थोडी चौकशी करायचीय. मागच्या पेरणीला आपला क्लच गेला होता. सकाळी फोन केला, तर दुपारी आपल्या जुन्या डीलरचा मिस्त्री थेट बांधावर हजर, आणि लागणारा भाग त्याच्या पिशवीत. दिवेलागणीच्या आत ट्रॅक्टर पुन्हा वावरात! त्यांचा ट्रॅक्टर महाग आहे, मान्य. पण ट्रॅक्टर एकदा विकत घ्यायचा असतो आणि वर्षानुवर्षं चालवायचा असतो. तेव्हा एक काम कर. तुमच्या शोरूमच्या मागे सुट्या भागांची खोली असेल, ती स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये. दुरुस्तीला कोण येतं, कुठून येतं, तेही विचार. तू लिहिशील त्यावर मी विश्वास ठेवीन.

जेवणाची वेळ चुकवू नकोस. उत्तराची वाट बघणारी,
मावशी

२ मार्च

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. आधी तुझ्यावर थोडी रागावले होते, आता स्वतःवर रागावलेय.

कंपनीच्या शिबिरासाठी मी बाहेरगावी होते, त्यामुळे तुझं पत्र घरी पडून राहिलं. परतले ती घरी न जाता थेट शोरूमला गेले, तिथे मास्तरीणबाई आल्या आणि ट्रॅक्टर घेऊन गेल्या. माझी पहिली विक्री. नाचतच घरी आले, तर तुझं पत्र समोर.

मागची खोली बघितली गं. तेलाच्या गाळण्या आहेत, पट्टे आहेत, आरसे आहेत, टोप्या आणि कॅलेंडरं तर ढिगाने. पण क्लचची प्लेट नाही, गिअर नाहीत, अवजार उचलणाऱ्या लिफ्टचा पंप नाही. सगळं कंपनीकडून मागवायचं आणि येईल तेव्हा बसवायचं. मिस्त्री एकच, सगळ्या तालुक्याला मिळून. बिचारा कामाला चांगला आहे, पण हात रिकामे असतील तर तो तरी काय करणार? शोरूमच्या मालकांना, आमच्या शेठना, विचारलं. ते शांतपणे म्हणाले की नवं यंत्र इतक्यात बिघडत नसतं, आधी खप वाढू दे, मग भाग आणू. माणूस वाईट नाही, नुसता घाईत आहे.

तू आमचा ट्रॅक्टर घेऊ नकोस. पण मास्तरीणबाईंचं काय करू? नोकरी सोडावीशी वाटतेय.

तुझी गोंधळलेली,
चिमणी

९ मार्च

चि. चिमणीस,

अ. उ. आ. खरं लिहिलंस, बास झालं.

आम्ही जुन्या डीलरकडूनच घेतला, पण लहान मापाचा. तेवढाच आवाक्यात होता. तुझे काका रुसलेत. त्यांना तो खेळण्यातला वाटतो. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जे काही सांगायचं ते ट्रॅक्टरला ऐकू जाईल असं मोठ्याने सांगायचे आणि मी चहा ठेवायची.

मास्तरीणबाईंना तूच सांग. माझ्या नि त्यांच्या घरात एक कुंपण तेवढं आहे, मी केव्हाही सांगू शकते. पण शिफारस माझी असली तरी विकलं तू आहेस. आणि नोकरीचं डोक्यातून काढ. तू सोडून गेलीस तर उद्या अडीअडचणीला त्यांचा फोन कोण उचलणार?

धीर धर. पाठीशी आहेच,
मावशी

२० मार्च

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. रविवारी येऊन गेले ते तुला कळलंच असेल. तुझ्या दारावरून गेले पण आत आले नाही. आले असते तर तिथेच बसून राहिले असते.

मास्तरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं की बंद पडला तर तू येशील का. मी येईन म्हणाले. एवढंच झालं. मग पाणी देऊन मला वाटेला लावलं.

शेठना मी रोज भागांची आठवण करून देते. आता मला येताना बघितलं की ते फोन कानाला लावतात.

लोभ आत्ता जरा जास्तच हवा असलेली,
चिमणी

२८ जून

चि. चिमणीस,

अ. उ. आ. परवा जेवायला न थांबता पळालीस, त्याचा राग अजून गेलेला नाही. बाकी काय लिहू! मोटारसायकलवर मिस्त्रीच्या मागे बसून, मांडीवर चादरीत गुंडाळलेला पंप घेऊन आलीस. कपडे काळे, तोंड काळं. आधी तुला मी ओळखलंच नाही.

तू यायच्या आधीचं तुला माहीत नाही. मास्तरीणबाईंच्या ट्रॅक्टरची लिफ्ट ऐन पेरणीत बंद पडली. पेरणीयंत्र वर उचलेना, म्हणजे बांधापाशी ट्रॅक्टर वळवताच येईना. त्यांनी तुला फोन केला आणि बांधावर जाऊन बसून राहिल्या. तुझे काका आपलं वावर पेरत होते. काम अर्ध्यावर सोडून आपला ट्रॅक्टर घेऊन त्यांच्याकडे गेले. मला विचारलंही नाही. परत आले तेव्हा म्हणाले की लहान आहे खरा, पण वळतो छान. रुसवा तिथे संपला.

पंप बसवला, लिफ्ट उचलू लागली, तशा मास्तरीणबाई उठून नुसत्या घरात गेल्या. तुला वाईट वाटलं, ते मी बघितलं. पण दुसऱ्या दिवशी बियाण्याच्या दुकानात कोणीतरी त्यांना विचारलं की नवा ट्रॅक्टर कसा आहे. त्या म्हणाल्या की ट्रॅक्टरचं अजून ठरायचंय, मुलगी मात्र भरवशाची आहे.

आता मला एक सांग. तुमच्याकडे पंप नव्हता ना? मग इतक्या लवकर आणलास कुठून?

पोटभर जेवायला ये,
मावशी

१४ जुलै

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. मास्तरीणबाईंचं वाक्य इतक्यांदा वाचलं की कागद मऊ पडला.

पंप काचेतल्या ट्रॅक्टरचा. शेठ बाहेरगावी होते, फोन लागेना. मी मिस्त्रीला म्हटलं, काढ. तो आधी घाबरला. मी सगळं माझ्या नावावर घेते म्हटल्यावर त्याने पान्हा हातात घेतला.

शेठ आले तेव्हा चकचकीत फरशीवर तेलाचा डाग आणि मी उभी. जे घडलं ते सांगितलं. नोकरी गेली असं धरूनच चालले होते. ते बराच वेळ ट्रॅक्टरभोवती फिरले आणि मग विचारलं की मास्तरीणबाईंचा तिकडे सुरू झाला का. मी हो म्हटलं. ते आत जाऊन बसले. थोड्या वेळाने कंपनीला फोन लावलेला ऐकू आला. आवाज चढलेला होता, पण माझ्यावर नव्हता.

काल खोके आले. पंप, क्लचच्या प्लेटा, थोडे गिअर. मिस्त्री पंप घेऊन काचेतल्या ट्रॅक्टरकडे निघाला, तर शेठनी त्याला थांबवलं. म्हणाले की तो आधी फळीवर ठेव, काचेतल्याला कुठे पेरणीला जायचंय.

रविवारी जेवायलाच येतेय,
तुझी चिमणी