सात मागांचा मालक

१३ जानेवारी १९५८

नाही दिला! सदरच्या कचेरीपर्यंत पायी गेलो, पायीच परत आलो. टाच सुजली.

सरकारची माझ्याकडे कराची बाकी नाही, एवढंच लिहून हवं होतं. तो कागद दाखवल्याशिवाय मुंबईची जहाज कंपनी आफ्रिकेचं तिकीट देत नाही. इन्कमटॅक्सच्या कचेरीत मधुकरराव नावाचा बाबू बसतो. कानावर पेन्सिल. वर न बघता म्हणाला, "नंबर?"

"कसला नंबर?"

"तुमचा. कराचा."

"मी त कधी कर भरलाच नाही, साहेब."

"तेच तर! नंबर नाही म्हणजे फाईल नाही. फाईल नाही तर बाकी नाही हे लिहू कशावर? तुमच्या टोपीवर?"

मागे उभे असलेले दोघे हसले. हसा.

आधी नंबर काढायचा, मग फाईल, मग कागद. कर लागत नाही हे सांगण्यासाठी आधी कर देणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायचं! या घरातून न हलता मी तीन राज्यांत राहिलो — मध्यप्रांत, मग मध्यप्रदेश, आता मुंबई राज्य. तेव्हा कोणी नंबर विचारला नाही. स्वतःहून हलायचं म्हटलं तर लगेच विचारतात.

१४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ जनाबाईने आणून दिला. शेजारची, विधवा, तिचाही माग आहे. "गोड बोला" म्हणाली. कोणाशी बोलू? घरात मी आणि माग.

बायको, तुळजाबाई, दसऱ्यानंतरच गेली. मुलगा गिरिधर नैरोबीला रेल्वेच्या कचेरीत आहे, सुनेचं बाळंतपण होतं. बाईमाणसाला कमाई नाही म्हणून तिला हा कागद लागला नाही. मी म्हणालो, तू हो पुढे, मागावर ताणा आहे, तो उतरला की येतो. मागावर चढलेले उभे धागे, चालू ताणा, टाकून कोष्टी उठत नाही.

नातू झाला. मी पाहिला नाही.

विणतो, पण मुद्दाम हळू. डोळेही चालत नाहीत. आणि कागद मिळायच्या आधी ताणा संपला तर पुढचा सांधणार कोण? आमच्या घरी सांधणी तिची. करवंटीत चाळलेली राख घेऊन बसते, बोटाला राख लावते आणि जुन्या ताण्याच्या एकेका टोकाला नव्याचं टोक पिळून जोडते. म्हणून हा माग कधी रिकामा झाला नाही. माझ्या बापाने लावलेला ताणा अजून तुटलेला नाही, असं आमच्यात म्हणतात. वर्षं किती झाली, पण धागा तोच.

२२ जानेवारी

पुन्हा सदर. मधुकररावने नवी फाईल काढली. नाव, बापाचं नाव, धंदा.

"किती माग?"

"सात," मी म्हणालो.

त्याने लिहिलं.

२३ जानेवारी

रात्रभर झोप नाही. सात का म्हणालो?

सवय! आमच्या ओळीत सात माग आहेत. माझा एक, बाकी सहा सहा घरांचे. पण दर शनिवारी सातही मागांची लुगडी एका गठ्ठ्यात बांधून गांधीबागेच्या कापडबाजारात मीच नेतो. आधी माझा बाप न्यायचा. ताराचंदशेठच्या दुकानात सगळा माल माझ्या, बाबनराव या एका नावावर लागतो. परत येऊन ज्याचे त्याला वाटून देतो. तिथे कोणी विचारलं, यंदा किती माग चालू? तर मी सातच सांगतो. दुसरं उत्तर तोंडाला माहीतच नाही.

भैयाजीला सांगितलं. समोरच्या घरचा, माझ्याच वयाचा. कपाळावर हात मारून घेतला. "सात काहून सांगितले गा? ते का रामटेकची जत्रा हाय, सगळ्याइले संग न्याले?"

६ फेब्रुवारी

कचेरीचा इन्स्पेक्टर येऊन गेला. बूट घालून मागापर्यंत आला! विणताना पाय सोडायच्या खड्ड्यात डोकावला. पुढे गांधीबागेत जाऊन ताराचंदशेठला विचारलं. शेठ म्हणाला, हो, सगळा माल बाबनरावांचाच. खोटं कुठे बोलला तो? तीस वर्षं त्याने माझंच तोंड पाहिलं.

झालो मी शेठ. अंगातला सदरा कोपरावर फाटका.

मधुकरराव म्हणतो, सोपं आहे. ते सहा जण लिहून देऊ देत की माग त्यांचे आहेत. तेवढ्यात काम होतं.

८ फेब्रुवारी

घरोघर गेलो. आधी भैयाजीकडे. तो माझ्यासाठी जीव देईल असं मी आजवर म्हणत आलो.

"अंगठा? सरकारी कागदावर?"

"तुयाच माग हाय म्हणून अंगठा."

"हाय ना. पण लिहून देल्लं त तो बूटवाला मंग माह्या घरी येईन. मले बी नंबर देईन."

"तुले काय लागते कर? खाले पुरत नाही तुले."

"तुले तरी कुठं पुरते? तरी देऊन राहिले ना नंबर!"

मग भैयाजी हळूच म्हणाला, "तू त चालला आफ्रिकेले, बाबनराव. आमाले इथंच राहा लागते."

जनाबाईचं दार सोडलं; बाकीच्या घरी हेच, फक्त भाषा वेगळी. एकीने दारच उघडलं नाही. आतून खोकली.

९ फेब्रुवारी

आज कोणी तंबाखू मागायला आलं नाही.

१० फेब्रुवारी

जनाबाई आपणहून आली. अंगठा पुढे केला. "लावा शाई. माह्या मालकानं खड्डा खोदला, मी बसते. येऊ द्या तुमच्या साहेबाले, त्याले बी बसवते खड्ड्यात. पाय आखडले का समजन."

बऱ्याच दिवसांनी हसलो.

कचेरीत दाखवला अंगठा. मधुकररावने एक वजा केला. "म्हणजे सहा तुमचे." फाईलवर मात्र सातच राहिले.

१ मार्च

शनिवार. गठ्ठा नेला नाही. तिसरा शनिवार. ज्याचे माग त्यांनी नेऊ देत! भैयाजी स्वतः गेला होता. संध्याकाळी तसाच परत आला, खांद्यावर गठ्ठा. ताराचंदशेठ म्हणाला म्हणे — तुम्हाला ओळखत नाही, बाबनरावला पाठवा.

माझ्या ओट्यासमोरून गेला. थांबला. मी आत पाहत राहिलो. थोडा वेळ बरं वाटलं. मग तेही नाही.

१७ मार्च

तुळजाबाईचं पत्र, सुनेच्या अक्षरात. बाळ हसतं. थंडी आहे. सुनेने पुढे लिहिलंय, "आई रोज विचारतात, ताणा कुठवर आला." मी लिहिलं, निम्मा उरला. भांडणाचं लिहिलं नाही. कशाला?

३ एप्रिल

मधुकरराव आज थोडा माणसासारखा बोलला. चहाही पाजला. म्हणाला, "बाबनराव, सात मागांचा वाद घालू नका. जन्म जाईल. धंदा बंद केला असं दाखवा. मागच्या वर्षाचा थोडा कर बसेल तो भरा. नंबर मिळेल, कागदही मिळेल."

"बंद कसा दाखवायचा?"

"माग रिकामा दिसला पाहिजे. इन्स्पेक्टर पाहून लिहील."

मी म्हणालो, ताणा निम्मा बाकी आहे, उतरायला चार महिने लागतील.

"मग चार महिन्यांनी या. तोवर साहेब बदलून जाईल. नव्याला पुन्हा सातपासून सांगा."

७ एप्रिल

कापला.

सकाळी कापला, ऊन वर यायच्या आधी. कात्री शिंप्याकडून आणावी लागली. आमच्या घरात ताण्याला लावायची कात्रीच नाही! ताणलेले धागे कापताना आवाज येतो, हे मला माहीत नव्हतं. अर्धं लुगडं पडून राहिलं, पदर नसलेलं. जनाबाई दारात उभी होती. डोक्यावरून पदर ओढला आणि निघून गेली, जशा बायका मयतीवरून जातात.

मागाच्या फणीत कापलेल्या धाग्यांची टोकं राहू दिली. तीही ओढून काढायला हवी होती. हात धजला नाही.

इन्स्पेक्टर दुपारी आला. गारव्याला खसची ताटी नाही का, म्हणाला. खड्ड्याकडे पाहून लिहिलं — बंद.

तुळजाबाईला अजून कळवलं नाही.

१२ मे

मिळाला नंबर! कागदही मिळाला, शिक्क्यासकट. कराची पावतीही. नंबर शिसपेन्सिलीने लिहिलेला, पाठ झाला. रस्ताभर म्हणत आलो. आनंद व्हायला हवा होता. पायाला नुसते चटके.

गिरिधरने लिहिलं होतं की तिकडे उतरताच प्रत्येकाचा असा नंबर काढतात, त्याच्याशिवाय माणूस धरत नाहीत. म्हटलं, आपला इथूनच तयार! लगेच पत्र टाकलं. नंबर लिहिला, कागदावर शिक्क्याखाली आहे तेही लिहिलं: माग सात, धंदा बंद. शेवटी तुळजाबाईसाठी एक ओळ: "ताणा कापावा लागला. टोकं आहेत."

९ जून

गिरिधरचं पत्र. तीनदा वाचलं.

तिकडच्या साहेबाने माझा तिथे उतरायचा परवाना नाकारला. पोराच्या जिवावर जगणारा बाप असेल तरच आत घेतात. गिरिधरने माझं पत्र अर्जाला जोडलं, नंबर मिळाला म्हणून अभिमानाने जोडलं. साहेब म्हणाला, हा तर कर देणारा मनुष्य आहे, सात मागांचा मालक. हा कसला तुझ्यावर अवलंबून? त्याचा धंदा त्याला पाहू दे. "बाबा, बंद झाला असं लिहिलेलं त्याने पाहिलंच नाही. पुन्हा अर्ज करतो. वर्ष लागेल."

सहा माग माझे नाहीत. सातवा मी कापला. मालक!

भैयाजी ओट्यावर येऊन बसला. त्याला कोणी सांगितलं कोण जाणे. म्हणाला, "आता लावतो गा अंगठा."

"आता काय करू त्याचं? चाटू?"

उठला नाही. बसून राहिला. मी तंबाखू दिली नाही.

१० जून

दिली.

२ जुलै

तार आली. भैयाजी पोस्टमनला माझ्या दारापर्यंत घेऊन आला, जसं काही त्याला माझं दार सापडलं नसतं. गिरिधरची: आई ऐकत नाही. जहाजात बसली. सांगते, कापलेल्या ताण्याला दुसऱ्या कोणाचा हात लागू देऊ नका.

राख चाळून ठेवली.