आधी बोंजूर

मॅडम, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही आणि नंतर तर प्रश्नच नव्हता. आज लिहितेय, कारण माझी मुलगी फ्रान्सला गेली. अकरा दिवस झाले. लियोंला आहे, दोन वर्षांचा मॅनेजमेंटचा कोर्स, सगळा इंग्रजीतून. फ्रेंचचा एक शब्द तिला धड येत नाही. शाळेत असताना फ्रेंच घे म्हणून मी हात धुऊन मागे लागले होते, तर म्हणाली, घरात पण तूच आणि क्लासमध्ये पण तूच, नो वे. आणि हिंदी घेतलं. आता ती तिथे आहे, ज्या गावात राहते त्याचं नाव 'लायन' असं म्हणतेय, आणि मी इथे शारजात, अल नहदाच्या एका टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर, शनिवारी दुपारी सातवीच्या फ्रेंचच्या वह्या तपासत बसलेय. मला हेवा वाटतो, मॅडम. पोटच्या मुलीचा. बाकी सगळ्यांना मी सांगते की काळजी वाटते. ते सांगायला सोपं पडतं आणि ऐकणारेही लगेच मान डोलावतात.

दुबईत ऊद मेथाच्या एका इंडियन शाळेत मी एकोणीस वर्षं फ्रेंच शिकवतेय. फ्रान्स पाहिलेलं नाही. ओपन हाउसला एखादी आई विचारतेच, "मॅम, आप फ्रान्स में कितने साल थे?" मग मी हसते आणि तिच्या मुलाच्या स्पेलिंगकडे वळते. हाच प्रश्न आला की तुम्ही चष्मा पुसायला घ्यायचात. तुम्हीही फ्रान्स पाहिलेलं नाही, आम्हाला ते ठाऊक होतं. शेवटच्या बाकावरच्या मुली तर पैज लावायच्या की आज चष्मा किती वेळा निघतो. नवरा मला दोनदा म्हणाला होता, अगं, चल की आठ दिवस, पॅरिस बघून येऊ. मी नको म्हटलं. टूरच्या बसमधून उतरायचं, फोटो काढायचा आणि पुन्हा बसमध्ये चढायचं, यासाठी मला जायचं नव्हतं. मला तिथे राहायचं होतं. सकाळी पिशवी घेऊन ब्रेड आणायला जायचं होतं.

ते वेड तुम्हीच लावलंत. नाशिकला तुमच्या स्वयंपाकघरात, रविवारी सकाळी, फ्रेंचच्या जादा तासाला दुकान-दुकान खेळत. ओट्याच्या मागे तुम्ही उभ्या, पाववाली. अलीकडे मी, गिऱ्हाईक. ओट्यावर मांडलेला माल म्हणजे चार पोळ्या, दोन बटाटे, वाटीत गूळ. क्रेप म्हणून तुम्ही मैद्याची धिरडी घालायचात आणि वर म्हणायचात की खरं क्रेप याहून पातळ असतं, जणू कालच खाऊन आलात. पहिल्याच रविवारी मी पाठ करून आलेलं वाक्य घडाघडा म्हटलं, मला एक ब्रेड द्या, कृपया. तुम्ही वर पाहिलंच नाही. पोळी लाटत राहिलात. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. तुम्ही तव्यावरची पोळी उलटली. मी रडायच्या बेतात आले तेव्हा म्हणालात, "कोण आहे? मला तर दुकानात कुणी दिसत नाही." मग लाटणं बाजूला ठेवून म्हणालात, "अगं, आधी बोंजूर. आधी नमस्कार, मग मागणं. तिथे बोंजूर म्हणेपर्यंत तू आत आलेलीच नसतेस. तुझं कृपया गेलं चुलीत." मला दाराबाहेर पाठवलंत. मी चपला घालून जिन्यात गेले, चपला काढून परत आत आले आणि म्हणाले. तेव्हा कुठे गुळासकट पोळी मिळाली.

आणि मग ते पत्र. सव्वीस वर्षं मी त्याबद्दल कुणाशी बोललेले नाही. फ्रान्समधल्या एका शाळेत सात महिने इंग्रजी शिकवायला जायचं होतं. मुंबईतली मुलाखत झाली होती, मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तोंडभर कौतुक केलं होतं, आता फक्त तुमचं शिफारसपत्र हवं होतं, तुम्ही बंद पाकिटातून परस्पर पाठवायचं. मुदत संपल्यावर मी एसटीडी बूथवरून मुंबईला फोन केला. तिकडून सांगितलं, सगळं आलंय, टीचरचं लेटर आलं नाही. मी धावत तुमच्याकडे आले. तुम्ही कपाळाला हात लावलात. "अगं बाई. राहून गेलं गं." मग चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "पुढच्या वर्षी जा. फ्रान्स कुठे पळून जात नाही." मी विश्वास ठेवला. पंधरा दिवसांनी तुमच्याच स्वयंपाकघरात तुम्ही म्हणालात, तो पोह्यांचा डबा काढ गं. मी डबा काढला आणि त्याच्या मागे ते पाकीट होतं. मुंबईचा पत्ता तुमच्या अक्षरात, तिकीट लावलेलं, डिंकानं बंद केलेलं. मी वळले तर तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. मी डबा ओट्यावर ठेवला, कपाटाचं दार लावलं. तुम्ही पोहे केलेत, आपण खाल्ले. चांगले झाले होते. पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं आणि मी आखातात आले. लग्नात तुम्ही मला तुमचा जाडजूड फ्रेंच शब्दकोश दिलात. मी वाकून नमस्कार केला, पण तोंडानं काही बोलले नाही.

आता मुलीचं सांगते. तिचा फोन दुसऱ्याच दिवसापासून रडका. इथे व्हॉट्सॲपवर व्हिडिओ लागत नाही, म्हणून दुसऱ्या एका ॲपवर ती दिसते, मधूनच गोठून जाते. मागे खिडकी, खिडकीला उघडायची लाकडी दारं, पलीकडे नदी. मी म्हटलं, जरा कॅमेरा खिडकीकडे कर. ती म्हणाली, "आई, इट्स जस्ट सम ओल्ड बिल्डिंग्ज. ऐक ना, इथले लोक खूप रूड आहेत." खाली बेकरी आहे, तिथे ती गेली. गेल्या गेल्या विचारलं, एक्स्क्यूज मी, कॅन आय हॅव वन क्रोसाँ प्लीज. "ती बाई बघतच नाही, आई. शी जस्ट इग्नोर्ड मी. माझ्या मागच्या आजोबांना दिलं तिनं. मी प्लीज म्हटलं होतं."

मॅडम, मला तत्क्षणी कळलं. ती बाई म्हणजे तुम्हीच, ओट्यामागे. आमची मुलं इथे वाढली. इथे कॅफेटेरियासमोर गाडी थांबवून हॉर्न दिला की चहा काचेशी येतो. सगळी घाईत असलेली परकी माणसं, सगळ्यांचं काम पटापट, सॉरी आणि प्लीज मात्र प्रत्येक वाक्याला. आधी माणसाकडे बघायचं आणि मग मागायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायचं मीच. आदल्याच दिवशी मी सातवी बीमधल्या चार पोरांना नुसत्या त्या एका शब्दासाठी वर्गाबाहेर काढून परत आत घेतलं होतं. सांगायला किती वेळ लागला असता? जिभेवर आलं होतं. पण मागे ती नदी दिसत होती आणि माझी मुलगी तिच्याकडे पाठ करून बसली होती. मी म्हटलं, "असतात काही माणसं तशी. तू काहीतरी खा."

पुढचे चार दिवस हेच. बसमध्ये ड्रायव्हर तिच्याकडे बघून काहीतरी पुटपुटला. ऑफिसातल्या बाईनं तिला फॉर्म न देता थांबवून ठेवलं. दर वेळी ती सांगायची आणि मी च् च् करायचे. आणि खरं सांगते, प्रत्येक फोननंतर माझा स्वयंपाक छान व्हायचा. मी गुणगुणायचे. नवरा म्हणाला, बरं झालं, तू तिच्या जाण्यातून लवकर सावरलीस.

सहाव्या दिवशी संध्याकाळी नवरा मला शाळेतून घेऊन घरी येत होता, आम्ही शारजाच्या रोजच्या जॅममध्ये अडकलेलो. तिचा फोन आला. अंगात ताप, डोळे लाल. औषधाच्या दुकानात गेली होती, आत जाऊन सरळ म्हणाली, आय हॅव फीव्हर. त्या बाईनं तिच्याकडे असं काही बघितलं की ती औषध न घेताच बाहेर आली. "बाबा, आय कान्ट डू धिस. मी परत येऊ?"

नवरा विरघळलाच. "ये बेटा. काही नाही, ये. खलास. हवं तर मी वीकेंडचं तिकीट बघतो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अगं, तू काहीतरी बोल ना. तुला तर तिथलं सगळं माहीत आहे."

मला तिथलं सगळं माहीत आहे. समोर लाल दिव्यांची रांग होती, हलत नव्हती. माझ्या तापलेल्या मुलीचा चेहरा डॅशबोर्डवर होता आणि मला आनंद झाला होता. चला, तीही परत येणार, तीही इथेच. मी म्हटलं, "आधी बरं वाटू दे. मग ठरवू." ती नाक पुसत हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तासाला सातवी बी. एक मुलगी उशिरा आली, धापा टाकत, आणि दारातूनच म्हणाली, "मॅम, सॉरी मॅम, बस लेट थी." मी सवयीनं फळ्याकडे वळले आणि लिहीत राहिले, तुम्ही करायचात तसं. ती पुन्हा म्हणाली, सॉरी मॅम. वर्ग खुसखुसायला लागला. तिचा आवाज चिरकला आणि तो मला माझ्या मुलीचा वाटला. वळून पाहिलं तर ती रडत होती. तिला काय चुकलंय ते माहीत होतं, फक्त धापेमुळे सुचत नव्हतं. माझ्या मुलीला तर माहीतही नव्हतं. मी त्या मुलीजवळ गेले, मीच तिला बोंजूर म्हटलं आणि जागेवर बसवलं. बाकीच्यांना धडा वाचायला सांगितला आणि मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत फळ्यावर काय लिहिलं ते मला आठवत नाही.

सुट्टीत मी कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन फोन लावला. ती पांघरुणातूनच बोलली. मी म्हटलं, "ऐक. आत शिरलीस की आधी बोंजूर. त्या बाईकडे बघून. बोंजूर मादाम. मग थांब, तिला म्हणू दे. मग काय हवं ते इंग्रजीत माग. निघताना थँक्यूचं मेर्सी, बायचं ओ रव्वार. बस चालवणाऱ्यालासुद्धा म्हणायचं."

"बास? एवढंच?"

"एवढंच. सांगायचं राहून गेलं गं."

माझ्याच तोंडून निघालं ते, मॅडम, तुमच्याच चालीत. पलीकडे आठवीची पोरं आरडाओरडा करत पळत होती आणि मी भिंतीला पाठ टेकून उभी राहिले.

संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा ती रस्त्यावर होती, एका हातात औषधाची पिशवी, दुसऱ्या हातात लांब ब्रेड. "आई, इट्स लाइक अ पासवर्ड! औषधवाली बाई काउंटरच्या बाहेर आली माझ्यासाठी. बेकरीवालीनं माझं बोंजूर करेक्ट केलं, दोनदा म्हणायला लावलं." मग तिनं मला म्हणून दाखवलं. माझ्याहून चांगलं होतं. एका दिवसात. पाववालीनं शिकवलेलं, पोळीवालीनं नाही. मला पुन्हा पोटात दुखलं. म्हणजे हेवा जाणार नाही, तो राहणारच आहे, त्याला घेऊनच तिच्याशी बोलायला शिकावं लागणार. मी म्हटलं, "तुला आधीच सांगायला हवं होतं मी."

"असू दे गं आई. तू असंही सगळं विसरतेस," ती म्हणाली आणि चालता चालता ब्रेडचं टोक मोडून तोंडात टाकलं. नवऱ्यानं तिकिटाचं विचारलं तर म्हणाली, कसलं तिकीट?

इतक्या पटकन तिनं ते सोडून दिलं. खरं कारण तिला माहीत नाही म्हणून, हे खरंय. मी ते सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. पण मला तुमचं कारण माहीत होतं, बाविसाव्या वर्षीच, पोह्यांच्या डब्यासमोर उभी असताना. तुम्ही पाकिटावर पत्ता घातला होतात, तिकीट लावलं होतं. म्हणजे पाठवायचं तुमच्या मनात होतं. मग तुम्ही ते हातात धरून किती वेळ बसला असाल, याचा विचार मी सव्वीस वर्षांत एकदाही केला नाही. या अकरा दिवसांत केला.

अजून एक आहे. तुम्ही आजारी होतात त्या सुट्टीत मी नाशिकलाच होते, तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर. तुम्ही निरोप पाठवला होता, येऊन जा. मी गेले नाही. परत आल्यावर तुमची बातमी कळली आणि मैत्रिणीनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, जायचं राहून गेलं. राहून गेलं नव्हतं. दोनदा पायात चपला घातल्या होत्या. तुमच्या दारात येऊन मला आधी काय म्हणावं लागेल ते ठाऊक होतं आणि तेवढंच मला म्हणायचं नव्हतं.

हे पत्र तुमच्या शब्दकोशात ठेवते, दुसरं कुठे ठेवणार. आत्ता वर वाचून पाहिलं तर सुरुवात मी सरळ 'मॅडम' अशी केलीय. तुम्ही पोळी लाटत राहिला असतात. पान फाडून, दाराबाहेर जाऊन नीट पहिल्यापासून लिहायला हवं. तेवढं मन अजून झालेलं नाही.