मांडवापुरती जागा

हाइडनबाख, १२ मार्च १८६८

चि. सेलिगमन यास गुत्लेताईचे अनेक आशीर्वाद.

पेसाखच्या सणाच्या साफसफाईत प्रार्थनागृहातली फाटकी कापडं नेहमीप्रमाणे माझ्याकडे शिवायला आली. त्यात तुझी पट्टी निघाली. सुंतेला तुला गुंडाळलेलं कापड चिरून, भरतकाम करून आईने धर्मग्रंथाच्या गुंडाळीला बांधायला दिलं होतं, तीच. साऱ्या मुलग्यांच्या पट्टीवर नावापुढे असतं, हा शास्त्र शिको, मांडवाखाली उभा राहो, सत्कर्मं करो. तुझ्यावर शास्त्र आहे, सत्कर्मं आहेत, मांडव गायब. चाळिशीतही सेलिगमन सडाफटिंग का, ते आज कळलं, म्हणून बायका हसल्या. आई मात्र हसली नाही. माझ्याच हाताने पोर एकटं राहिलं म्हणते आणि जेवत नाही. आता तूच काहीतरी लिही.

लोभ तर आहेच, उत्तरही असावं.
गुत्ले

फ्युर्थ, २२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

आईला म्हणावं, जेव. दोऱ्यामुळे कुणी बिनलग्नाचं राहत नाही. मला विचारायचं धाडस होत नाही, एवढंच. आमच्या आरशांच्या कारखान्याशेजारी रेखले नावाची विधवा पाव भाजते. दर शुक्रवारी मी तिच्याकडून शब्बाथच्या विसाव्याच्या दिवसाचा पाव नेतो आणि मीठ कमी पडलं, याखेरीज काही बोलत नाही. परवा पट्टीची गंमत सांगितली. पोट धरून हसली, मग हात पुसत म्हणाली, मांडवापुरती जागा तरी सोडलीय का तुमच्या आईंनी? ताई, बघून लवकर कळव.

तुझा,
सेलिगमन

हाइडनबाख, २६ मार्च

चि. सेलिगमनास आशीर्वाद.

जागा आहे! शास्त्र आणि सत्कर्मांच्या मधे चार बोटं कोरं कापड, घडीत दडलेलं. लाल दोरा संपला म्हणून आईने फेरीवाला येईपर्यंत जागा सोडली, तेवढ्यात तुला गोवर निघाला. हे तिला आठवलं आणि लगेच भूक लागली. आता तोंड वर करून सांगते, विसरले नव्हते, राखून ठेवलं होतं. मला सुई लावू देत नाही. जी त्याच्याबरोबर मांडवाखाली उभी राहील तिनेच भरावं, असा हुकूम आहे. तेव्हा विचार, नाहीतर मी येऊन विचारीन.

तुझीच,
गुत्ले

फ्युर्थ, ५ एप्रिल

ती. आईच्या चरणी सा. न.

शुक्रवारी विचारलं. रेखले म्हणाली, मला पीठ मळता येतं, भरतकाम नाही, अक्षरं वाकडी येतील. मी म्हटलं, येऊ देत. शावुओतच्या सणाआधी आम्ही दोघं येतो. लाल दोरा तिने घेऊन ठेवलाय. या खेपेला संपू नये म्हणून दोन लडी.

तुझ्या मायेतला,
सेलिगमन