तिसरं वाक्य

काचीगुडा, गुरुवार, १२ ऑगस्ट १९९३

कारखान्याला कुलूप लागून महिना झाला. मी रोज डबा घेऊन निघतो आणि सिकंदराबाद स्टेशनवर बसून राहतो. घरात कुणाला पत्ता नाही, असं समजत होतो. मूर्ख!

संध्याकाळी सुमीने इंग्रजीच्या क्लासची वही दाखवली. ‘कव्हर’ आणि ‘कन्सील’ यांतला फरक वाक्यांतून दाखवायचा होता. तिने लिहिलं होतं: आई बाबांचा डबा रुमालाने कव्हर करते. बाबा कारखाना बंद पडल्याचं कन्सील करतात.

“आईला सांगू नकोस गं,” मी कसंबसं म्हणालो.

“बाबा, तिसरं वाक्य वाचा.”

आईला ते ठाऊक आहे, हे आई कन्सील करते.

शेजारच्या मशीनवरच्या रेड्डीगारूंसाठी सुमीची आई डब्यात रोज जादा ठेचा द्यायची. महिनाभर ठेचा एकाच माणसापुरता येतोय, आणि मी तो निमूट खातोय.