खांदशेकणीची वाटी

पोळ्याची आदली संध्याकाळ, तेल्हारा

आमचा शेवटचा बैल मोऱ्या उन्हाळ्यात गेला. तरी आज बाबांनी खांदशेकणीचं तूप-हळद वाटीत कालवलंच. दर पोळ्याच्या आदल्या दिवशी ते याच वेळेला त्याचा खांदा चोळायचे. आज वाटी घेऊन माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

मी परग्रहावरची गोष्ट लिहीत होते. तिथे एकट्या राहिलेल्या बाईला एका प्राण्याची सोबत आहे. पाण्यासारखा आरपार दिसणारा, अंगात एकही हाड नसलेला. जितका वेगळा तितका चांगला, असं वाटलं होतं मला.

"काय लिहून रायली?"

मी सांगितलं.

"काम करते का तो?"

"तिचं सामान वाहतो, बाबा."

ते वाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्याले खांदा हाये का?"

मी हसायला हवं होतं का? हसू आलंच नाही. मी हो म्हणून टाकलं.

त्यांनी वाटी माझ्या कागदांशेजारी ठेवली आणि ते आत गेले. ती अजून तिथेच आहे. ओझं लादलं मी त्या प्राण्यावर, आणि तो ते कशावर घेईल याचा विचारच केला नाही.

पहिलं पान खोडलं. आता त्याला खांदा आहे. त्यावर जुवाचा घट्टा, मोऱ्याला होता तसाच.